दादाचा बिनआवाजी कॉम्प्युटर

चपलेचा अंगठा सैल झाला तेव्हा आम्ही पुलाच्या मधोमध होतो. मागे फिरायचं तर तेवढंच अंतर आणि पुढे जायचं तरी तेवढंच. म्हणजे बोलून काही उपयोग नव्हता. तरी मी बोललेच.

"दादा, ती बघ बस गेली. रिकामी होती अगदी."

"बघितली," दादा म्हणाला. "चढावर क्लचवर पाय ठेवून चालवतोय गाढव. प्लेटी जाळणार आहे."

माझ्या मोठ्या भावाने आयुष्यभर शहराची बस चालवली. त्यामुळे दुसऱ्या कुणी चालवलेल्या बसमध्ये तो बसत नाही. रिक्षात नाही, टॅक्सीत नाही, जावयाच्या मोटारीतही नाही. एकदा कसाबसा बसवला होता, तर सबंध रस्ता समोरच्या चटईवर ब्रेक दाबत राहिला आणि घरी आल्यावर पोटरी धरून बसला. तेव्हापासून त्याला कुठेही जायचं असलं की पायी. कॉम्प्युटरचा बाजार गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे हे त्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं. फरक एवढाच की त्याच्या पायात बूट होते.

"वहिनींना का नाही आणलंस?" मी विचारलं.

"तिला त्यातलं काय कळतं?"

"मग मला काय कळतं रे?"

"तू कचेरीत कॉम्प्युटरवर होतीस."

मी कचेरीत पत्रं टाइप करायचे. कागद अडकला की शिपायाला हाक मारायचे. एवढ्या पुण्याईवर मी घरातली जाणकार ठरले होते. आणि वहिनी तर सकाळीच हात जोडून मोकळ्या झाल्या होत्या. "वन्सं, तुमचा सख्खा भाऊ आहे, तुम्हीच न्या. मी गेले तर एक तर ते तरी परत येतील नाही तर मी तरी."

पण माझ्या जाण्याचं खरं कारण वेगळं होतं आणि ते आमच्यापैकी कुणीच बोलून दाखवत नाही. दादाला डाव्या बाजूचं दिसत नाही. काचबिंदू. समोरचं सगळं स्वच्छ दिसतं, पण कडेचं हळूहळू पुसलं गेलं आणि त्याला स्वतःला ते कळलंच नाही. वार्षिक तपासणीत डॉक्टरांना कळलं. त्या दिवशी दुपारची फेरी करायला निघालेल्या माणसाच्या हातून किल्ली काढून घेतली गेली. एवढ्या वर्षांत एका माणसाला साधं खरचटू दिलं नव्हतं त्याने. घरी येऊन म्हणाला, "सोडली मीच. कंटाळा आला." आम्ही मान डोलावली. तेव्हापासून त्याच्याबरोबर जो कोणी चालतो तो डावीकडून चालतो. खांब आला, सायकल आली की मी नुसतं खोकते. तो जरा उजवीकडे सरकतो, आणि मला विचारतो, "सर्दी झाली का गं?"

अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? मी मनातल्या मनात नाम घेत चालत राहिले.

किल्ली गेल्यावर कितीतरी महिने तो खिडकीत बसून होता. खालून जाणारी प्रत्येक बस किती उशिरा आली ते घरात जाहीर करायचा. शेवटी भाचा परगावी नोकरीला निघताना आपला जुना कॉम्प्युटर बापाच्या टेबलावर ठेवून गेला आणि त्यात बस चालवायचा एक खेळ घालून गेला. खेळ म्हणजे पोरखेळ नाही. खरे रस्ते, खरे थांबे, चढणारी-उतरणारी माणसं, पाऊस आला तर काचेवर पाऊस. टेबलाला लावायचं स्टिअरिंग मिळतं आणि पायाशी ब्रेक. आणि पडद्यावर सगळं समोरच असतं. दोन्ही बाजूंचे आरसेसुद्धा समोर. कड नावाची गोष्टच नाही. पहिल्या दिवशी दादा त्यासमोर बसला आणि जेवायला उठलाच नाही.

मग भाच्याने फोनवरून एकेक बटण सांगत आणखी एक सोय केली. दादा चालवतो ते इंटरनेटवर कुणालाही त्याच क्षणी बघता येईल अशी. मला वाटलं, कोण बघणार? लोकांना कामधंदे नाहीत का? पण लोक बघू लागले. रोज दुपारी, दादाच्या जुन्या पाळीच्या वेळेला. किती जण बघताहेत तो आकडा पडद्याच्या कोपऱ्यात यायचा. दादा त्यांना प्रेक्षक म्हणायचा नाही. प्रवासी म्हणायचा.

आणि तो कॉम्प्युटर बंद पडला. आधी चित्र अडखळायला लागलं, मग एके दिवशी भर चढावर सगळंच काळं. त्या दिवसापासून दादाचं जेवण निम्म्यावर आलं.

"नवा तयार आणावा तर?" मी पुलावरून उतरताना परत एकदा विचारून पाहिलं.

"तयार बॉडीत काय घातलंय कुणाला माहीत? मी एकेक भाग बघून घेणार."

"अरे पण भाचा म्हणत होता, मी सुट्टीत आलो की..."

"सुट्टी होईपर्यंत प्रवासी थांबतात होय? गाडी आली नाही की माणूस दोन दिवस वाट बघतो. तिसऱ्या दिवशी दुसरी गाडी बघतो. मग आपली रोज वेळेवर धावली तरी तो परत येत नाही." तो हे माझ्याकडे न बघता म्हणाला. "मी पाहिलंय ते."

मी खोकले. पुढे भाजीची हातगाडी होती.

दुकान अरुंद होतं. छतापर्यंत खोकी. काउंटरमागचा दुकानदार पन्नाशीचा, गळ्यात दोरीने चष्मा अडकवलेला, बोलायला भारी हौशी. दादाने त्याला आल्या आल्या सांगितलं, "बस चालवायची आहे आणि त्याच वेळी लोकांना दाखवायची आहे." दुकानदार एक क्षण थांबला, मग त्याला उमगलं.

"म्हणजे गेमिंग आणि स्ट्रीमिंग. काका, दोन कामं आहेत ही. खेळ चालवणं एक आणि तो बाहेर पाठवणं दुसरं. दोन्ही एकाच डोक्यावर टाकली की चित्र अडखळतं. तुमच्या जुन्याचं तेच झालं असणार."

हे दादाला पटलं. मला वाटलं, चला, देव पावला, आता लवकर सुटू. कसलं काय! तिथून पुढे जे सुरू झालं त्याला खरेदी म्हणत नाहीत, आरटीओतलं गाडीचं पासिंग म्हणतात.

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, असं दुकानदार म्हणाला. दादा म्हणाला, इंजिन. ग्राफिक्स कार्ड म्हणजे चित्र काढणारा भाग. त्याचं खोकं दादाने दोन्ही हातांनी तोललं आणि विचारलं, "हा तापला की गरम हवा कुठून बाहेर टाकतो?" दुकानदाराने दाखवलं. "आणि आत कुठून घेतो?" ते दाखवलं. "मध्ये धूळ साचली तर?" दुकानदाराने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

प्रोसेसर गार ठेवायला पाण्यावर चालणारा कूलर दाखवला, तर दादा मागे सरकला. "रेडिएटर? अहो, सकाळी सकाळी बादली घेऊन रेडिएटर भरण्यात माझी हाडं झिजली. आता घरात नको."

"हा भरायचा नसतो काका. बंद असतो."

"असं सगळेच सांगतात."

पंखेवाला कूलर ठरला. मग पॉवर सप्लाय. दुकानदाराने पुरेल एवढा दिला, दादाने त्याच्या वरचा मागितला. "सपाटीवर पुरेल. चढावर दम लागला म्हणजे?"

"काका, यात चढ नसतो."

"बस चढणार आहे ना?"

दुकानदार खाली बसला. मी मघाशीच बसले होते, एका रिकाम्या खोक्यावर.

सगळ्यात घोळ कॅबिनेटवर झाला. म्हणजे हे सगळं ज्यात बसवायचं ती पेटी. दुकानदाराने हौसेने काचेची काढली. बटण दाबलं तसे आतले पंखे लाल, निळे, जांभळे पेटले. मला खरं सांगायचं तर आवडली. दादाने हात पुढे करून बटण बंद केलं.

"आत दिवा लावला की ड्रायव्हरला काचेत स्वतःचं तोंड दिसतं, रस्ता दिसत नाही. एवढं तरी कळायला हवं बनवणाऱ्याला."

"दादा, त्या पेटीत तू बसणार नाहीयेस रे!"

"लोखंडी दाखवा. काळी. दिवे नकोत. आणि आवाज नको." यावर मात्र तो अडून बसला. पंखे मोठे हवेत म्हणजे हळू फिरतील, पेटीला आतून जाड अस्तर हवं. एकेक पंखा दुकानदाराला जोडून फिरवायला लावला आणि प्रत्येकाला कान लावून बसला. जुना कॉम्प्युटर इतका घरघरायचा की त्याला खेळातल्या बसचं इंजिन ऐकू यायचं नाही, आणि इंजिन ऐकल्याशिवाय गिअर बदलायचा कधी? ते एक आणि रोज दुपारी मागच्या टेबलाशी गप्पा मारत बसणाऱ्या आम्ही दोघी, वहिनी आणि मी. "हळू बोला गं, इंजिन ऐकू येत नाही," हे आम्ही रोज ऐकायचो.

शेवटी दुकानदार म्हणाला, "आता माइक आणि कॅमेरा. स्ट्रीमिंगला लागतोच."

"कशाला?"

"लोकांशी बोलायला. तुमचा चेहरा दिसायला."

दादा असा उभा राहिला जसा काही त्याला कुणी भाड्याचे पैसे खाल्लेस का विचारलं. "ड्रायव्हर प्रवाशांशी बोलत नाही. आणि त्याची फक्त पाठ दिसते. तीही दिसायची गरज नाही."

"अहो, पण सगळेच..."

"सगळे बोलतात म्हणून तर ठोकतात."

मी म्हटलं, घे रे, असू दे एक. म्हणाला, "तुला काय कळतंय?" येताना मीच जाणकार होते. मी कानाला खडा लावला.

परतताना खोकी दोघांनी वाटून घेतली. पेटी हातगाडीवाल्याकडे दिली आणि दादा सबंध रस्ता त्याच्या मागून "उजवी घे, खड्डा आहे" करत आला. माझ्या पायांचे तुकडे पडले होते. घरी वहिनींनी दार उघडलं, आमच्याकडे पाहिलं आणि फक्त म्हणाल्या, "मी बरी गेले नाही."

जोडणी करायला दुकानदार स्वतः आला. दादाने त्याला प्रत्येक स्क्रू परत एकदा आवळायला लावला. मी देवाचं नाव घेतलं आणि त्याने बटण दाबलं. काहीच झालं नाही असं वाटलं, इतकी शांतता. मग पडदा उजळला. काय चित्र होतं! रस्त्यावरच्या पट्ट्या, समोरच्या गाडीचा नंबर, आरशात मागचं झाड. दादाने गाडी काढली, पहिल्या वळणावर स्टिअरिंग हळूच सोडून दिलं, ते आपोआप सरळ झालं. त्याच्या चेहऱ्याकडे बघून मला पुलावरचं सगळं विसरायला झालं. थोडा वेळ.

पहिल्या दुपारी प्रवासी परत आले. बातमी कशी लागते देव जाणे, पण आकडा वाढत गेला. मग थांबला. मग उतरायला लागला. दुसऱ्या दिवशी आणखी कमी. तिसऱ्या दिवशी वहिनी ताट घेऊन गेल्या तर दादा म्हणाला, भूक नाही.

"आता काय झालं तुम्हाला? गाडी सुरू झाली ना?" वहिनी म्हणाल्या.

"चढतात आणि पुढच्या थांब्यावर उतरतात," दादा म्हणाला. "माझं काय चुकतंय? ब्रेक गचकत नाही. वेळेच्या आधी एक थांबा सोडत नाही. चित्र अडखळत नाही."

"मग विचारा त्यांना."

तर विचारायची गरजच नव्हती. बघणारी माणसं पडद्याच्या बाजूला लिहीत असतात, ते दादाने आजवर कधी वाचलंच नव्हतं! जुन्या पडद्यावर त्या जागी त्याने कागदाची पट्टी चिकटवली होती, कारण ती अक्षरं हलली की त्याचं लक्ष आरशावरून उडायचं. नव्या पडद्यावरही पहिल्याच दिवशी पट्टी लावली होती. मी कपाळाला हात लावला.

"अरे माणसं तुला सांगताहेत आणि तू वर कागद चिकटवतोस?"

"गाडी चालवताना वाचत नाहीत."

"मग मी वाचते. तू चालव."

चौथ्या दुपारी त्याच्या उजव्या हाताला स्टूल घेऊन बसले, चष्मा लावला आणि पट्टी काढली. बस निघाली. अक्षरं वर सरकायला लागली आणि मी मोठ्याने वाचायला लागले.

"'आवाज बंद आहे का?' 'अजून आवाज नाही.' 'फक्त इंजिन ऐकू येतंय.' 'काकू कुठे आहेत?'"

"कोण काकू?" दादा म्हणाला. नजर रस्त्यावर.

"थांब. 'काकूंना बरं नाही का? गुडघा कसा आहे?'"

मागे मटार सोलत बसलेल्या वहिनी एकदम ताठ झाल्या. "माझा गुडघा? माझा गुडघा यांना कसा माहीत?"

"'काका फेरीवर असताना काकू त्यांना जे बोलतात ते मिस करतोय.' 'मी तर त्यांच्या गप्पा ऐकत स्वयंपाक करायचो.' 'काकूंनी काकांना चहा दिला की मीही घ्यायचो.'" मी वाचत होते आणि माझा आवाज बारीक होत होता, कारण पुढचं माझं होतं. "'त्या ताईंच्या वरच्या मजल्यावरची गळती थांबली का? की अजून वरची बाई खोटं बोलतेय?'"

वरची बाई खोटं बोलते हे मी याच खोलीत, मागच्या टेबलाशी बसून म्हटलं होतं. आणखीही बरंच म्हटलं होतं. मी देवा, देवा म्हणत चष्मा काढला.

भाच्याला फोन लावला. तो हसायलाच लागला. जुन्या कॉम्प्युटरवर त्याने आई-बापाशी बोलायला म्हणून एक छोटा कॅमेरा लावून दिला होता, त्यात माइक होता. तो कधी बंदच नव्हता. दादाची बस जगाला दिसत होती आणि आम्हा दोघींची बडबड ऐकू जात होती. "बाबा, तुम्हाला मी सांगितलं होतं की त्यात माइक आहे."

"सांगितलं असशील. मी चालवत असेन."

तो कॅमेरा कपाटातच होता. दादाने तो काढला, भिंतीकडे तोंड करून लावला. म्हणजे आवाज जाणार, पण पाठसुद्धा दिसायची नाही. पण आता आवाज येणार कुठून? वहिनींनी सुपातले मटार उचलले आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

"इतके महिने परकी माणसं माझं बोलणं ऐकत होती आणि या घरात एकाला पत्ता नाही!" दाराआडून आवाज आला. "मी काय काय बोलले असेन! माझ्या बहिणीबद्दल बोलले. ह्यांच्या घोरण्याबद्दल बोलले. आता माझ्या तोंडातून या खोलीत शब्द निघायचा नाही."

आणि निघाला नाही. पाचवा दिवस, सहावा दिवस. मी गेले की आतल्या खोलीत बसायचं, दार लोटायचं, कुजबुजायचं. चहा टेबलावर न बोलता ठेवला जायचा, तोही कप न वाजवता. सातव्या दिवशी दादाने स्वतः बोलून पाहिलं. मी दारातून बघत होते. थांब्यावर गाडी उभी केली, दरवाजा उघडला, घसा खाकरला आणि म्हणाला, "चढा." एवढंच. पुढच्या थांब्यावर आणखी धीर केला. "आज ऊन आहे," म्हणाला, आणि ते म्हणता म्हणता वळण चुकला. साध्या वळणावर. पडद्यावरची बस एका बोळात शिरली आणि तिला मागे घ्यायला त्याला इतका वेळ लागला की कोपऱ्यातला आकडा आमच्या डोळ्यांदेखत उतरत गेला. दादाने इंजिन बंद केलं. खऱ्या बसची किल्ली काढतात तसा हात स्टिअरिंगखाली नेला. तिथे काहीच नव्हतं.

मी चपला घालायला बाहेर आले. मनात म्हटलं, एवढं सगळं फिरलो, पंख्यांना कान लावून बसलो, सगळ्या दुकानाला वेठीला धरलं, ते कशासाठी? जे ऐकायला माणसं येत होती तेच नेमकं काढून टाकण्यासाठी! मला राग आला होता. कुणाचा ते नीट सांगता येत नव्हतं.

दादा माझ्या मागून जिन्यापर्यंत आला. एरवी तो दारातूनच "जा नीट" म्हणतो. आता कठडा धरून उभा राहिला.

"काय?" मी विचारलं.

"काही नाही."

"मग जाऊ?"

"उद्या येशील ना?"

"रोजच येते की."

"रोज येतेस ते आत बसतेस." तो खाली पायऱ्यांकडे बघत होता. "त्यांच्यातली निम्मी माणसं कुठे एकटी बसून जेवत असतील. मला काय माहीत होतं? मला वाटलं, माझं ड्रायव्हिंग बघतात."

मी चपलेचा सैल अंगठा पायाने चाचपला.

"तुझं ऐकते ती," दादा म्हणाला. "तिला बाहेर आण. टेबलाशी बसवून दे. मी 'हळू बोला' म्हणणार नाही."

"आणि बोलायचं काय, दादा? वहिनी घाबरल्यात रे. शब्द तोलून मापून बोलतील."

"म्हणून तर तुला सांगतोय. तू सुरुवात कर." त्याने कठड्यावरचा हात काढला आणि परत ठेवला. "माझ्याबद्दल बोल. पुलावर मनातल्या मनात मला जे जे बोललीस ना, ते सगळं. तिला राहवणार नाही मग. पण उद्या दुपारी बोल गं, गाडी सुटायच्या वेळेला."